डॉलर तीनशेला असताना श्रीलंकेत

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५ : कोलंबो

मुंबईहून कोलंबो विमानानं अडीच तासांवर. कटुनायके विमानतळावर सामान घेऊन बाहेर आलं की समोर बँकांच्या खिडक्या ओळीनं दिसतात आणि प्रत्येकीवर दराची पाटी. डॉलर तीनशेच्या थोडा खाली होता. माझ्या नणंदेनं तिथल्या तिथे भागाकार केला.

"वहिनी, आपल्या एका रुपयाला साडेतीनसुद्धा नाहीत? शेजारच्या काकूंना साडेचार मिळाले होते!"

काकू २०२२ च्या अखेरीस इथे येऊन गेल्या होत्या आणि नणंदेचं म्हणणं अगदी खरं होतं. २०२२ च्या सुरुवातीला आपला एक रुपया म्हणजे श्रीलंकेचे सुमारे २.७० रुपये. त्याच वर्षी मे महिन्यात तो पावणेपाचच्या आसपास पोचला. आम्ही गेलो तेव्हा ३.४० च्या जवळ. मधल्या काळात त्यांचा रुपया डॉलरला ३६० वरून तीनशेच्या आत सावरला आणि आपला ७७ वरून ८७ वर घसरला. म्हणून भारतीय प्रवाशाला श्रीलंका दोन्हीकडून महाग झाली.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं बँकेच्या परकीय चलन विभागात गेली. सकाळी पाटीवर नवे आकडे लावायचे आणि दिवसभर त्यांवर व्यवहार करायचे. एखाद्या चलनाचा दर कोसळतो तेव्हा त्या देशातल्या घरांत काय होतं, हे मला खिडकीच्या अलीकडून कधीच दिसलं नाही. तेच पाहायला हा देश निवडला होता. चलनाचं जे जे होऊ शकतं ते सगळं इथे तीन वर्षांत होऊन गेलंय.

पैसे विमानतळावरच बदलावेत. बँकांचे दर शहरापेक्षा फारसे वाईट नसतात. पावती मात्र सांभाळून ठेवा, उरलेले रुपये परत डॉलरमध्ये करून घेताना ती मागतात. फेब्रुवारी २०२४ पासून आपलं यूपीआयही इथे चालतं, पण ते मोठ्या दुकानांत. टपरीवर आणि रिक्षाला रोख लागते. व्हिसाचे नियम आणि शुल्क सारखं बदलतं, त्यामुळे निघण्याआधी ईटीएचं, म्हणजे प्रवासाच्या ऑनलाइन परवानगीचं, सरकारी संकेतस्थळ पाहूनच पैसे भरा.

संध्याकाळी गॉल फेसच्या मैदानावर गेलो. समुद्राचा वारा, पतंग उडवणारी मुलं आणि काचेच्या हातगाड्यांवर रचलेले इस्सो वडे. डाळीच्या चपट्या वड्यावर अख्खी कोळंबी दाबून तळतात आणि वर कांदा-मिरचीचं तिखट पाणी घालतात. २०२२ च्या एप्रिलपासून याच मैदानात तंबू ठोकून लोक बसले होते आणि जुलैत राष्ट्राध्यक्षांना देश सोडून जावं लागलं. हातगाडीवाल्या काकांना मी विचारलं, तेव्हा धंदा चांगला झाला असेल ना? ते म्हणाले, गर्दी होती, पण तळायला तेल आणि गॅस कुठे होता?

शनिवार, ८ फेब्रुवारी : पेट्टा, मग कँडी

सकाळी पेट्टाचा घाऊक बाजार पाहिला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जुनी मशीद, हातगाड्या ओढणारे हमाल, सुक्या मासळीचा घमघमाट. एका किराणा दुकानात मसूर डाळीची पोती लावलेली होती. परिप्पू, म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, इथल्या प्रत्येक ताटात रोज असते, आणि ती मसूर जवळजवळ सगळी बाहेरून येते, ऑस्ट्रेलिया-कॅनडातून. कोत्तू, म्हणजे रोटीचे तुकडे भाजी-अंड्यासोबत तव्यावर परतून केलेला पदार्थ, त्यातल्या रोटीचा गहूसुद्धा परदेशी. चहातली दुधाची पावडर बहुतांशी न्यूझीलंडची.

दुकानदार तमिळ होते, पन्नाशीचे. मी हिशोबातली बाई आहे हे कळल्यावर मोकळेपणानं बोलले. २०२२ मध्ये डाळीचा भाव तिपटीच्या वर गेला, आणि तरीही त्यांचा फायदा घटला. माल सोडवायला बँकेकडे डॉलर नव्हते. कंटेनर बंदरात उभे आणि भाडं चढतंय.

तिथवर गोष्ट कशी गेली ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा प्रवास त्याच्याशी जोडलेला आहे. २०१८ साली श्रीलंकेत २३ लाख पर्यटक आले होते आणि त्यांच्याकडून सुमारे ४४० कोटी डॉलर मिळाले होते. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, पुढच्या वर्षी कोरोना आला. २०२१ मध्ये पर्यटकांचा आकडा दोन लाखांनाही पोचला नाही. त्यात आधी करकपात होऊन गेलेली, परदेशी कर्जाचे हप्ते डोक्यावर. डॉलर आटत असताना मध्यवर्ती बँकेनं रुपया मात्र डॉलरला सुमारे २०३ वर धरून ठेवला.

धरून ठेवलेल्या दराचं एक ठरलेलं असतं: खिडकीबाहेर दुसरा दर उभा राहतो. आखातात राबणारी माणसं घरी पैसे पाठवताना बँकेचे २०३ घेतील की उंडियलवाल्याचे, म्हणजे तिथल्या हवालावाल्याचे, २४०? अधिकृत वाटेनं येणारे पैसे २०२० मध्ये ७०० कोटी डॉलरच्या वर होते, ते २०२२ मध्ये ३८० कोटींवर आले. शेवटी ७ मार्च २०२२ ला बँकेनं हात काढून घेतला आणि दोन महिन्यांत दर ३६० वर गेला. १२ एप्रिलला सरकारनं परदेशी कर्जफेड थांबवल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये कोलंबोतली महागाई सत्तर टक्क्यांना टेकली होती.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. चलन घसरलं की पर्यटक धावत येतात, असं आम्ही बँकेत नव्या मुलांना शिकवायचो. श्रीलंका परदेशी माणसाला सर्वांत स्वस्त होती ती २०२२ च्या उन्हाळ्यात, आणि त्या जूनमध्ये अख्ख्या देशात जेमतेम ३३ हजार पर्यटक आले. पेट्रोल नव्हतं, वीज नव्हती. रुपया सावरल्यावर, म्हणजे देश महाग झाल्यावर, गर्दी परतली. २०२४ मध्ये २० लाखांच्या वर पर्यटक आले, त्यांत चार लाखांहून जास्त आपले भारतीय. या जानेवारीत तर एकाच महिन्यात अडीच लाखांच्या वर.

दुपारच्या गाडीनं कँडीला निघालो. कोलंबो फोर्टहून जाताना उजवीकडची खिडकी मिळवा, दऱ्या त्या बाजूला दिसतात. डब्यात टोपलीतून वडे विकणारा मुलगा फिरत होता, शाळेच्या वहीचे कागद गुंडाळून त्यात देत होता. त्या कागदांवर सुवाच्य अक्षरात गणितं सोडवलेली होती.

रविवार, ९ फेब्रुवारी : अंधाराचा दिवस

सकाळी दंतमंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात जिथे जपला आहे त्या मंदिरात गेलो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फिकट किंवा पांढरे कपडे उत्तम. कमळं वाहायला लोकांची रांग, ढोलांचा नाद, आणि त्या गर्दीतही कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

साडेअकराच्या सुमारास बाजारात एका छोट्या खानावळीत बसलो असताना वीज गेली. आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग बाजूच्या दुकानातून कुणीतरी ओरडून सांगितलं की कोलंबोतही गेली आहे, गॉललाही गेली आहे, सगळीकडे गेली आहे. खानावळीच्या मालकीणबाईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. त्यांनी पहिल्यांदा मुलाला मागे पाठवून गॅसची टाकी हलवून पाहायला लावली. मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "अक्का, २०२२ पण असंच सुरू झालं होतं."

कारण दुपारनंतर कळलं. कोलंबोच्या दक्षिणेला पानदुरा इथल्या उपकेंद्रात माकड शिरलं आणि ते ट्रान्सफॉर्मरला चिकटल्यानं देशभरची वीज गेली, असं मंत्र्यांनी सांगितलं. काही तासांत वीज येऊ लागली. पण त्या मधल्या वेळात मी जे ऐकलं ते कुठल्या अहवालात वाचलं नव्हतं.

मालकीणबाई सांगत होत्या: मार्च २०२२ च्या शेवटी दिवसाला तेरा तास वीज नसे. कोळसा आणि डिझेल डॉलरनं घ्यायचं, आणि डॉलर नाहीत. साडेबारा किलोच्या गॅस सिलेंडरची किंमत त्या एप्रिलमध्ये ४,८६० रुपये झाली. आदल्या वर्षी ती दीड हजार होती. ती किंमत देऊनही मिळेल याची खात्री नाही. त्यांनी मागच्या अंगणात चुली मांडल्या आणि खानावळ फक्त दुपारी उघडी ठेवली. धाकट्या मुलीची शाळेची परीक्षा कागदाअभावी पुढे गेली. मोठा मुलगा हॉटेलात स्वयंपाकी होता, तो मालदीवला गेला आणि तिकडेच आहे. त्या एका वर्षात तीन लाखांहून जास्त माणसं कामासाठी देशाबाहेर पडली, त्यांतला हा एक. आता हॉटेलं भरली आहेत आणि चांगला स्वयंपाकी मिळत नाही.

"मुलगा पाठवतो त्यावर घर चाललं," त्या म्हणाल्या. "रुपया पडला तेव्हा त्याच्या शंभर डॉलरचे छत्तीस हजार यायचे. आता तीस हजाराला कमी पडतात. पण तेव्हाच्या छत्तीस हजारांत जेवढं येत होतं त्याहून आता तीस हजारांत जास्त येतं."

विनिमय दराचा धडा इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितला नव्हता. त्यांनी चुलीवर केलेला भात, परिप्पू, फणसाची भाजी आणि पोल सांबोल वाढलं. ओलं खोबरं, लाल मिरची, लिंबू आणि किंचित सुका मासा. आमच्या सांगलीत याला चटणी म्हणून दोन बोटं घेतील, इथे वाटीभर वाढतात.

सोमवार, १० फेब्रुवारी : नुवारा एलिया

गाडीवाल्याबरोबर घाट चढलो. त्याची छोटी जपानी वॅगन आर, वयानं बरीच जुनी. मार्च २०२० पासून श्रीलंकेनं डॉलर वाचवण्यासाठी गाड्यांची आयात बंद ठेवली होती. नव्या गाड्या नाहीत, म्हणून जुन्यांच्या किमती चढतच गेल्या. घेतली तेव्हाच्या दुपटीहून जास्त भाव आज आपल्या गाडीला आहे, असं तो म्हणाला. २०२२ मध्ये मात्र हीच गाडी उभी होती. क्यूआर कोड दाखवून आठवड्याला वीस लिटर पेट्रोल मिळे, रिक्षावाल्यांना तर पाचच.

रंबोडानंतर दोन्ही बाजूंना चहा सुरू होतो. १८६७ मध्ये जेम्स टेलरनं लूलकंदेरा इथे पहिला मळा लावला, तेव्हापासून या डोंगरांवर तमिळ कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पानं खुडत आहेत. धुकं उतरत होतं, नणंदेनं शाल काढली. फेब्रुवारीत इथे रात्री चांगली थंडी असते, स्वेटर हवाच.

मळ्याच्या कडेला दोघी जणी वजन करून घेण्यासाठी थांबल्या होत्या. गाडीवाल्याला तमिळ येत होतं, म्हणून बोलता आलं. २०२१ मध्ये त्यांची किमान रोजी हजार रुपये झाली, म्हणजे तेव्हाचे पाच डॉलर. वर्षभरानंतर तेच हजार रुपये तीन डॉलरलाही कमी पडत होते. चहा जगात डॉलरनं विकला जातो, कोलंबोच्या लिलावातला भावही रुपयांत दुपटीला गेला होता. रोजी मात्र हजारच. सप्टेंबर २०२४ मध्ये ती १,३५० झाली, तीही आजच्या दरानं साडेचार डॉलर. त्यांतल्या थोरलीनं विचारलं, तुमच्याकडे चहा कितीला मिळतो? मी सांगितलं. ती मान हलवून परत ओळीत जाऊन उभी राहिली.

चलन पडलं की निर्यातदाराचं फावतं, हे पुस्तकातलं दुसरं वाक्य. २०२१ मध्ये सरकारनं रासायनिक खतांवर बंदी घातली. डॉलर वाचवणं हेही त्यामागचं एक कारण होतं. २०२१ मध्ये तीस कोटी किलोच्या आसपास असलेलं चहाचं उत्पादन २०२२ मध्ये पंचवीस कोटींवर आलं. भाव चांगला आणि विकायला पानं नाहीत. आणि जे मिळालं त्यातलं किती मळ्यात उतरलं, ते वजनकाट्यापाशी ऐकलंच.

चहा घ्यायचा तर कारखान्याच्या दुकानातून सुटा घ्या. बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको, बारीक तुकड्यांची प्रत) म्हणून मागा, आपल्याकडच्या दुधाच्या चहाला तो बरा पडतो.

संध्याकाळी दीड तास वीज नव्हती. कोळशाच्या केंद्राचे संच अजून सुरू झाले नव्हते, म्हणून देशभर भाग पाडून कपात चालली होती. पाहुणे जनरेटरच्या उजेडात जेवले, रस्त्यापलीकडच्या घरांत मेणबत्त्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी : एल्लाची गाडी

नानु ओया ते एल्ला हा रेल्वेप्रवास आता सगळ्या जगाला माहीत आहे. आरक्षण उघडताच काही मिनिटांत संपतं आणि मग दलालांकडे अनेक पटींनी मिळतं. दलालाकडून घेऊ नका. सकाळी लवकर येऊन बिनआरक्षित दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढा, थोडं उभं राहावं लागेल. आम्हाला पट्टिपोला या सर्वांत उंच स्थानकानंतर जागा मिळाली.

डब्यात अर्धे परदेशी, अर्धे गावचे. एक शिक्षिका बंदारवेलाला निघाल्या होत्या. माझ्या नणंदेची सगळी नोकरी शाळेतच गेली, त्यामुळे दोघींचं लगेच जमलं. पगार त्यांना रुपयांत मिळतो, पर्यटकाशी काही संबंध नाही. २०२२ मध्ये पगार तोच राहिला आणि बाजार दुप्पट झाला. जागतिक बँकेच्या हिशोबानं त्या एका वर्षात श्रीलंकेतली गरिबी १३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेली. त्यांच्या वर्गातली मुलं उपाशी येऊ लागली, तेव्हा शिक्षकांनी वर्गणी काढून सकाळी कोला कंदा द्यायला सुरुवात केली, पालेभाजीचा रस आणि तांदूळ घालून केलेली कांजी.

"तुम्हाला स्वस्त पडलं की आम्हाला आनंदच होतो," त्या म्हणाल्या, "फक्त ते स्वस्त आमच्या ताटातून काढलेलं नसावं."

नणंद नंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. विमानतळावरची तिची तक्रार तिनं पुन्हा काढली नाही.

एल्लाबद्दल फार लिहीत नाही. नऊ कमानींचा पूल सुंदर आहे, भोवती गर्दी आणि कॉफीची दुकानं. सकाळी सातच्या आत गेलात तर बरं.

बुधवार, १२ फेब्रुवारी : गॉल

नवम पोया, म्हणजे माघी पौर्णिमा. देशभर सुट्टी. या दिवशी दारू आणि मांसाची विक्री बंद असते, काही खानावळीही उघडत नाहीत, त्यामुळे पोया कधी आहे ते पाहूनच बेत आखा. रस्त्याकडेला पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं देवळांकडे चालली होती. वाटेत मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुल या ताडाच्या जातीच्या झाडाच्या रसाचा पाक, दोघींनी एकेक मडकं संपवलं.

गॉलचा किल्ला १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. डच काळातल्या गल्ल्यांत आता बुटीक हॉटेलं, आणि दारावरच्या पाट्यांवर दर डॉलरमध्ये. आम्ही किल्ल्याबाहेर एका घरगुती निवासात उतरलो. मालकीण साठीच्या, नवरा बंदरात कामाला होता. त्यांनी २०१८ मध्ये कर्ज काढून वरचा मजला चढवला. पुढच्याच वर्षी स्फोट, मग कोरोना, मग अंधार. २०२२ च्या एप्रिलमध्ये मध्यवर्ती बँकेनं व्याजदर एकाच फटक्यात सात टक्के बिंदूंनी वाढवले, आणि हप्ता घराच्या कमाईबाहेर गेला. त्यांनी बांगड्या विकल्या.

रुपया सावरायला ते व्याज कामी आलं, मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीचं सुमारे तीनशे कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं, भारतानं २०२२ मध्ये चारशे कोटी डॉलरच्या आसपास मदत केली होती, परदेशी गेलेल्यांनी पुन्हा बँकेतून पैसे पाठवायला सुरुवात केली. हे सगळं मी कागदावर वाचलं होतं. त्याची किंमत म्हणून वीजदर वाढले, आणि २०२२ च्या सुरुवातीला ८ टक्के असलेला व्हॅट टप्प्याटप्प्यानं वाढत जानेवारी २०२४ मध्ये १८ वर गेला, हेही वाचलं होतं. या बाईंच्या मोकळ्या मनगटांकडे बघताना ते वाचलेलं पुरेसं वाटलं नाही.

त्यांच्या खोलीचा दर संकेतस्थळावर डॉलरमध्ये आहे. रुपया मजबूत झाल्यानं त्याच डॉलरचे कमी रुपये हाती येतात, वर संकेतस्थळाचं कमिशन. मी विचारलं, मग रुपया पुन्हा पडलेला चालेल का? त्यांनी दोन्ही हात जोडले. "नको. डॉलर कुठेही एका जागी थांबू दे. मग मी माझं गणित बसवीन."

मुक्काम वाढवायचा असेल तर पुढच्या रात्रींचे पैसे घरमालकालाच रोख रुपयांत द्या. खोली, जेवण, गाडी, जे जे स्थानिक माणसाकडून थेट घेता येईल ते घ्या. घासाघीस बाजारात करा, वीस डॉलरच्या खोलीवर करू नका.

गुरुवार, १३ फेब्रुवारी : परत

द्रुतगती मार्गानं गॉल ते विमानतळ अडीच-तीन तास. गाडीवाला गप्प होता, मग बोलू लागला. १ फेब्रुवारीपासून खासगी गाड्यांची आयात पुन्हा उघडली होती. नव्या गाड्या आल्या की त्याच्या जुन्या वॅगन आरचा भाव उतरणार. दुसरीकडे नव्या गाड्यांवर प्रचंड कर आहे, आणि सगळ्यांनी एकदम मागवल्या तर डॉलर बाहेर जाऊन रुपया पुन्हा घसरेल, म्हणजे त्याही महागच पडतील. त्यानं मला विचारलं, तुम्ही बँकेत होता, काय करू? मी माझं मत सांगितलं: सरकार कर लावून आयात हळूहळूच होऊ देईल, जुन्या गाडीचा भाव एका महिन्यात कोसळणार नाही, आणि गाडीवर पोट आहे तोवर ती विकून हातात नुसते रुपये ठेवू नयेत. त्यानं ऐकून घेतलं. बायकोचं मत विकावी असं होतं. एप्रिलमधल्या सिंहली नववर्षाआधी दोघं मिळून ठरवणार होते.